‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ : नियमबद्ध माहितीसंचयाचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाला ‘नोंद सापडत नाही’ हे वाक्य वारंवार लिहावे लागते. या वाक्यावरून ‘तशी गोष्ट घडलीच नाही’ या वाक्यावर तो केव्हा आणि कसा येतो, याकडे मात्र त्याचे स्वतःचेही क्वचितच लक्ष असते. या दोन वाक्यांमधील अंतराची काटेकोर चर्चा आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणी आढळली. ते ठिकाण म्हणजे संगणकशास्त्राची एक शाखा होय. तथ्ये आणि नियम लिहून ठेवावयाचे आणि त्यांपासून उत्तर काढण्याचे काम यंत्रावर सोपवावयाचे, अशी ही पद्धत आहे. तिला ‘लॉजिक प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. आम्ही तिला तर्काधिष्ठित आज्ञालेखन म्हणू. तिचा इतिहास पाली-बौद्ध विद्येच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. एवढे मात्र आधीच सांगितले पाहिजे की, बौद्ध तर्कशास्त्रात संगणक पूर्वीच होता असे सिद्ध करण्याचा आमचा मुळीच बेत नाही. तसले लेखन आम्ही पुष्कळ वाचले आहे. त्याने तर्कशास्त्राचा मान वाढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या पद्धतीचे मूळ गणिती तर्कशास्त्रात आहे. १९५१ मध्ये आल्फ्रेड हॉर्न या अमेरिकन गणितज्ञांनी एका विशिष्ट घडणीच्या विधानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘अमुक खरे असेल आणि तमुक खरे असेल, तर फलाणे खरे’, म्हणजे अटी कितीही, परंतु निष्कर्ष एकच, अशी ही विधाने होत. पुढे १९६५ मध्ये जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी अनुमानाचा असा एक नियम मांडला की, जो माणसाच्या सोयीपेक्षा यंत्राच्या सोयीचा विचार करून घडविलेला होता. रॉबिन्सन यांचे पदवीशिक्षण केंब्रिज येथे ग्रीक आणि लॅटिन या अभिजात भाषांत झाले होते. प्राचीन भाषा शिकविणाऱ्यांना आजकाल जे प्रश्न विचारले जातात, ते पाहता ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत.

हॉर्न यांची विधाने आणि रॉबिन्सन यांचा नियम यांचा संयोग फ्रान्समधील मार्सेय नगरात झाला. आलँ कोलमेरोए हे माँट्रियल येथे यांत्रिक भाषांतराचे काम करून १९७० मध्ये फ्रान्सला परतले. त्यांना माहितीसंचय बांधावयाचा नव्हता. साध्या फ्रेंच भाषेत यंत्राशी प्रश्नोत्तरे करता यावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. एडिंबरो येथे अनुमानशास्त्रावर काम करणारे रॉबर्ट कोवाल्स्की १९७१ मध्ये त्यांच्याकडे गेले. ‘क खरे आहे, जर ख आणि ग खरे असतील’ हे विधान दोन प्रकारांनी वाचता येते, ही या सहवासातून पुढे आलेली आणि कोवाल्स्की यांनी सिद्धान्तरूपाने मांडलेली दृष्टी होय. एका वाचनात ते केवळ सत्याविषयीचे कथन आहे. दुसऱ्या वाचनात ती कृतीची सूचना आहे : क सिद्ध करावयाचे असेल तर प्रथम ख सिद्ध करा, मग ग सिद्ध करा. कथन आणि कृती यांचा हा मेळ हाच या पद्धतीचा गाभा होय. १९७२ मध्ये कोलमेरोए आणि फिलिप रूसेल यांनी त्यावर एक भाषा उभी केली. ‘तर्काने आज्ञालेखन’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तिचे ‘प्रोलॉग’ हे नाव पडले. ते नाव रूसेल यांच्या पत्नीने सुचविले होते.

त्या काळच्या मार्सेय येथील प्रणालीने केलेले एक संभाषण या विषयाच्या इतिहासात नमूद आहे. यंत्राला काही वाक्ये सांगण्यात आली : प्रत्येक मनोविकारतज्ज्ञ ही व्यक्ती असते, तो ज्या व्यक्तीचे विश्लेषण करतो ती व्यक्ती आजारी असते, झाक हा मार्सेयमधील मनोविकारतज्ज्ञ आहे. नंतर तीन प्रश्न विचारण्यात आले. झाक ही व्यक्ती आहे काय? यंत्र म्हणाले, होय. झाक कोठे आहे? मार्सेयमध्ये. झाक आजारी आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाला यंत्राने ‘ठाऊक नाही’ असे उत्तर दिले. वाचकांनी हे उत्तर ध्यानात ठेवावे. पुढे प्रोलॉगचा प्रसार झाला, एडिंबरो येथे डेव्हिड वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास तिला वेग प्राप्त करून दिला, आणि त्या काळात रूढ झालेल्या प्रणालींत सिद्ध न होणाऱ्या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर मिळू लागले. आज प्रचलित असलेल्या प्रणालींपैकी काही तर त्याहून पुढे जाऊन ‘असत्य’ असा शब्द छापतात.

हा बदल समजून घेण्यासाठी एक लहानसा माहितीसंचय प्रत्यक्ष बांधून पाहणे श्रेयस्कर. पाठ्यपुस्तकांत यासाठी बाप, मुलगा आणि आजोबा यांचे उदाहरण घेतात. आम्ही आमच्या ओळखीचे उदाहरण घेतो. विनयाची आचार्यपरंपरा परिवार, समंतपासादिका, दीपवंस आणि महावंस या ग्रंथांत आलेली आहे. उपालीपासून मोग्गलिपुत्त तिस्सापर्यंत जंबुद्वीपातील पाच आचार्य आणि त्यानंतर ताम्रपर्णीस गेलेला महिंद. या परंपरेतील एकेक दुवा म्हणजे एकेक तथ्य :

आचार्य(उपाली, दासक).
आचार्य(दासक, सोणक).
आचार्य(सोणक, चंडवज्जी).
आचार्य(सोणक, सिग्गव).
आचार्य(सिग्गव, तिस्स).
आचार्य(तिस्स, महिंद).

‘उपाली हा दासकाचा आचार्य’ असे पहिल्या ओळीचे वाचन करावे. कंसाबाहेर संबंधाचे नाव, कंसात त्या संबंधाने जोडलेल्या व्यक्ती आणि शेवटी पूर्णविराम. या सहा ओळी म्हणजे माहितीसंचयाचा साठा झाला. आता नियम. परंपरा म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नाही. ते दोन वाक्यांत सांगता येते :

परंपरा(क, ख) जर आचार्य(क, ख).
परंपरा(क, ख) जर आचार्य(क, ग) आणि परंपरा(ग, ख).

येथे क, ख, ग ही चलपदे आहेत; त्यांच्या जागी कोणतीही व्यक्ती येऊ शकते. मूळ प्रोलॉगमध्ये चलपद ओळखण्यासाठी रोमन लिपीतील मोठे अक्षर वापरतात. देवनागरीला मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून आम्ही एकेका व्यंजनाची योजना केली आहे. आणि ‘जर’ व ‘आणि’ यांच्या जागी मूळ भाषेत विरामचिन्हे असतात. दुसरा नियम स्वतःचाच आधार घेतो, हे ध्यानात यावे. ‘उपालीपासून महिंदापर्यंत परंपरा आहे काय?’ असे विचारताच यंत्र प्रथम पहिला नियम लावून पाहते. उपाली हा महिंदाचा साक्षात आचार्य असल्याचे तथ्य नाही. मग ते दुसऱ्या नियमाकडे वळते : उपाली कोणाचा आचार्य? दासकाचा. तर आता दासकापासून महिंदापर्यंत परंपरा आहे काय? असे करीत ते सोणकापाशी येते. सोणकाचे दोन शिष्य नोंदलेले आहेत आणि चंडवज्जीचे नाव आधी लिहिलेले आहे. यंत्र त्या वाटेने जाते, पुढे काहीच न सापडल्याने सोणकापर्यंत मागे फिरते, सिग्गवाची वाट धरते, आणि तिस्सामार्गे महिंदापाशी पोचते. उत्तर : होय. ज्याने महावंसातील एखादा संदर्भ शोधताना चुकीच्या पानावरून मागे येऊन दुसरे पान उघडले आहे, त्याला ही मागे फिरण्याची रीत निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

हाच संचय उलट बाजूनेही वापरता येतो. ‘परंपरा(क, महिंद)’ असे विचारले तर महिंदाच्या आधीची पाच नावे मिळतात. चंडवज्जीचे मिळत नाही, कारण त्याच्यापासून पुढे जाणारा दुवा आम्ही लिहिलेला नाही. वस्तुतः चंडवज्जीनेही तिस्साला शिकविल्याचे महावंस सांगतो. आम्ही केवळ विनयाचा दुवा घेतला, म्हणून तो सुटला. संग्राहकाच्या निवडीचा हा परिणाम आहे आणि यंत्राला तिचा पत्ता नाही.

लेखनाच्या क्रमाचेही महत्त्व आहे. दुसऱ्या नियमातील दोन अटींची अदलाबदल करून ‘परंपरा(क, ग) आणि आचार्य(ग, ख)’ असे लिहिले, तर तर्काच्या दृष्टीने अर्थ तोच राहतो. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे यावयाचे, त्या प्रश्नावर यंत्र आपल्याच शेपटीमागे फिरत राहते आणि थांबत नाही. सत्य आणि सत्यापर्यंत पोचण्याची रीत या दोन गोष्टी पूर्णपणे विलग करता येतील, ही आरंभीची आशा येथे काहीशी खंडित होते.

याच काळात माहितीसंचयाचा दुसरा एक प्रवाह वाहत होता. १९७० मध्ये आय.बी.एम.चे एडगर कॉड यांनी सर्व माहिती कोष्टकांच्या रूपाने ठेवावी आणि कोष्टकांवर ठरावीक क्रिया करून उत्तरे काढावीत, असा प्रस्ताव मांडला. आज बँकांपासून विद्यापीठांच्या परीक्षा विभागापर्यंत बहुतेक ठिकाणी त्याचीच संतती नांदते आहे. तथापि आमच्या सहा ओळींच्या परंपरेपुढे ही कोष्टके अडखळत होती. पिढ्या पाच आहेत हे आधी ठाऊक असेल तर पाच वेळा जोडणी करता येते. किती पिढ्या आहेत हे ठाऊक नसताना ‘शेवटपर्यंत जा’ असे सांगण्याची सोय त्या मूळ क्रियांत नव्हती. अल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी १९७९ मध्ये ही मर्यादा सिद्ध करून दाखविली. कोष्टकांच्या एसक्यूएल या प्रचलित पृच्छाभाषेच्या प्रमाण रूपात अशी सोय १९९९ मध्ये आली. मधल्या काळात प्रोलॉगचे माहितीसंचयासाठी मर्यादित केलेले ‘डेटालॉग’ नावाचे रूप विकसित झाले. जपान सरकारने तर १९८२ ते १९९२ अशी दहा वर्षे तर्काधिष्ठित यंत्रांचा एक राष्ट्रीय प्रकल्प चालविला. त्यातून अपेक्षेएवढे हाती लागले नाही. त्याच्या कारणांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

आता आमच्या संचयाला एक निराळा प्रश्न विचारू : ‘परंपरा(पटाचारा, क)’, अर्थात पटाचारेपासून कोणापर्यंत परंपरा चालली आहे काय? यंत्र सहा तथ्ये तपासते, पटाचारेचे नाव कोठेही नाही असे पाहते आणि सांगते : नाही.

हे उत्तर खोटे आहे. अंगुत्तर निकायाच्या एतदग्गवग्गात विनयधर भिक्खुणींमध्ये पटाचारेला अग्रस्थान दिलेले आहे. थेरीगाथेत तिच्या शिकवणुकीने मार्गाला लागलेल्या तीस भिक्खुणींच्या गाथा आहेत, आणि आपल्याला पटाचारेने प्रव्रज्या दिली असे चंदा थेरी सांगते. दीपवंसाच्या अठराव्या परिच्छेदात तर विनय शिकविणाऱ्या भिक्खुणींची नामावलीच आलेली आहे. आम्ही ज्या परंपरेवरून तथ्ये लिहिली, ती भिक्खूंनी भिक्खूंची नोंदलेली परंपरा होती. यंत्राने लबाडी केलेली नाही. त्याला जे दिले त्यापासून त्याला काही सिद्ध करता आले नाही, आणि सिद्ध न करता येणे यालाच त्याने ‘नाही’ म्हटले. आता संचयात एकच ओळ वाढवू :

आचार्य(पटाचारा, चंदा).

तोच प्रश्न पुन्हा विचारताच उत्तर येते : होय. परंपरागत तर्कशास्त्रात नवी माहिती आल्याने जुना निष्कर्ष कधी रद्द होत नाही. जे सिद्ध झाले ते झाले. येथे मात्र एका ओळीने ‘नाही’चे ‘होय’ झाले. म्हणजे ते ‘नाही’ मुळात सिद्धान्त नव्हतेच; ती एक धारणा होती.

या धारणेची चिकित्सा फ्रान्समधील तुलूझ येथे १९७७ मध्ये झालेल्या ‘तर्क आणि माहितीसंचय’ या विषयावरील परिषदेत झाली. हेर्वे गालेर आणि जॅक मिंकर यांनी संपादित केलेला तिचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दोन निबंध आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. लंडनचे कीथ क्लार्क यांनी ‘सिद्ध करण्याचा प्रयत्न संपूर्णपणे फसला, तर निषेध मानावा’ या रीतीला तर्कशास्त्रीय अर्थ दिला. संचयातील नियमांतला ‘जर’ हा ‘जर आणि तरच’ असा वाचला, तर ही रीत समर्थनीय ठरते, असे त्यांनी दाखविले. दुसरा निबंध कॅनडातील रेमंड रायटर यांचा. त्यांनी या धारणेला ‘बंद जगाचे गृहीतक’ असे नाव दिले. जे संचयात नाही आणि संचयापासून निघत नाही, ते जगातच नाही, असे मानणे म्हणजे जग बंद करणे.

जग बंद करणे ही नेहमीच चूक असते, असे मात्र समजू नये. एस.टी. स्थानकावरील वेळापत्रकात दुपारी तीनची गाडी लिहिलेली नसेल, तर तीनला गाडी नाही, असेच आपण मानतो. ‘तीनला गाडी नाही, सव्वातीनला गाडी नाही’ असे निषेध कोणी फळ्यावर लिहीत बसत नाही. जगात असलेल्या गोष्टींपेक्षा नसलेल्या गोष्टींची संख्या नेहमीच अपरिमित असते, म्हणून ही सोय आवश्यकच आहे. (जत्रेच्या दिवसांत जादा गाड्या सुटतात आणि वेळापत्रकाचे जग उघडे पडते, ही गोष्ट निराळी.) प्रश्न असा आहे की, कोणत्या यादीविषयी ही सूट घ्यावी आणि कोणत्या यादीविषयी घेऊ नये.

या प्रश्नावर सातव्या शतकातील एका बौद्ध आचार्याने जो विचार केला, तो आमच्या मते आजही पुरा पडतो. धर्मकीर्ती हा संस्कृतात लिहिणारा. आम्हा पालीवाल्यांच्या कक्षेबाहेरचा. त्याने न्यायबिंदूत हेतूचे तीन प्रकार सांगितले, त्यांपैकी एक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे. परंतु न आढळण्याने अभाव सिद्ध होण्यास त्याने एक अट घातली आहे. जी वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, पाहण्याची इतर सर्व साधने सिद्ध असता जी दिसल्यावाचून राहिली नसती, तिच्याच न दिसण्याने तिचा अभाव सिद्ध होतो. समोरच्या मोकळ्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे अनुमान योग्य. पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही, हे अनुमान मात्र होत नाही. कारण पिशाच असते तरी दिसलेच असते असे म्हणता येत नाही. जे देशाने, काळाने किंवा स्वभावाने आपल्या दर्शनाच्या पलीकडे आहे, त्याच्या न दिसण्याने केवळ संशय उत्पन्न होतो.

रायटर यांच्या गृहीतकाला हीच अट लावून पाहावी. वेळापत्रक प्रत्येक गाडी नोंदविण्यासाठीच केलेले असते. गाडी असती तर ती त्यात दिसली असती. आचार्यपरंपरेची यादी भिक्खुणींची नोंद करण्यासाठी केलेली नव्हती. पटाचारेचे शिष्यगण असते तरी त्या यादीत दिसले नसते, आणि प्रत्यक्षात तसेच झाले. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘नाही’ हे ज्ञान आहे, दुसऱ्या ठिकाणी ते ज्ञान नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत इतिहासातील तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न घेतला आहे आणि दुवा सापडत नाही म्हणून इतिहासकाराने हात जोडून बसावे, हे त्यांनी मान्य केलेले नाही. ज्यांच्याविषयी लिहिण्याची कोणाला इच्छा वा गरज वाटली नाही, त्यांच्या इतिहासात अनुपलब्धी ही जवळजवळ नेहमीच धर्मकीर्तीच्या दुसऱ्या प्रकारची असते.

ही चर्चा ग्रंथांपुरती राहिली नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये कोवाल्स्की, मारेक सेर्गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा प्रोलॉगच्या नियमांत लिहून काढला आणि ते काम १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. कायदा अंमलात आल्यानंतर, म्हणजे १ जानेवारी १९८३ पासून, जी व्यक्ती ब्रिटनमध्ये जन्मली आणि जिच्या जन्मसमयी आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक होता अथवा तेथे स्थायिक होता, ती व्यक्ती नागरिक होय. अटी अनेक, निष्कर्ष एक. हॉर्न यांच्या विधानाचा जणू नमुनाच. कायद्याची वाक्ये मुळातच या घडणीची असतात, हे या कामातून स्पष्ट झाले. परंतु त्याच कलमात पुढे एक तरतूद आहे. टाकून दिलेले नवजात मूल ब्रिटनमध्ये सापडले, तर विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत ते तेथेच जन्मले आणि त्याचे आई किंवा बाप अटीत बसणारे होते, असे मानावे. येथेही पुरावा नाही, येथेही पुराव्याच्या अभावावरूनच निष्कर्ष काढावयाचा आहे. पण तो निष्कर्ष मुलाच्या बाजूने पडतो. म्हणजे न सापडण्याचा लाभ कोणाला द्यावयाचा हे तर्क ठरवीत नाही. ते नियम लिहिणारा ठरवितो.

त्याच देशात २०१८ मध्ये याचे उलट रूप उघडकीस आले. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांवरून कायदेशीरपणे येऊन स्थायिक झालेल्या अनेकांना, दशकानुदशके तेथे राहिल्याची कागदपत्रे दाखविता न आल्याने, नोकऱ्या, उपचार आणि काहींना तर देशही गमवावा लागला. त्यांच्या आगमनाची जुनी नोंदपत्रे शासनानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. त्यात प्रोलॉगचा काही संबंध नव्हता. बंद जगाचे गृहीतक चालविण्यास यंत्र लागत नाही. कचेरी पुरेशी होते.

आमच्या वाचकांना हे उदाहरण दूरचे वाटणार नाही. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसरा परिच्छेद हा एक नियमच आहे. त्याचे मूळ रूप असे मांडता येईल :

अनुसूचित(क) जर जात(क, ज) आणि यादीत(ज) आणि धर्म(क, हिंदू).

१९५६ मध्ये याला शीख धर्माची जोड मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि ज्यांनी ती घेतली त्यांच्याविषयी तिसरी अट असिद्ध झाली. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती १९६० पासून नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या नियमात मात्र ‘धर्म(क, बौद्ध)’ हा पर्याय लिहिला जाण्यास १९९० साल उजाडले. जात आणि गावकुसाबाहेरचे घर ही तथ्ये दीक्षेने एका रात्रीत बदललेली नव्हती. नियमाच्या एका अटीने उत्तर बदलले होते. हे ‘नाही’ अन्यायाचे असले तरी निदान ते स्पष्ट लिहिलेले होते. त्यावर बोट ठेवता येत होते, म्हणून त्याविरुद्ध लढता आले.

दुसऱ्या प्रकारचे ‘नाही’ कोठेच लिहिलेले नसते. जात पडताळणीत अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा अपेक्षिला जातो, आणि महाराष्ट्राच्या २००१ च्या अधिनियम क्र. २३ प्रमाणे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतला उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीची हक्कनोंद, असे ते पुरावे. ज्याचा आजा शाळेच्या पायरीवरही चढू शकला नाही आणि ज्याच्या घराण्याच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्या नावाचा उतारा कोठून निघावा? त्या नोंदवह्या त्याच्या आज्याला नोंदविण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदारांचे नुकसान होते, म्हणून पडताळणी हवी, हे आम्हांस मान्य आहे. शिवाय १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दक्षता पथकाच्या चौकशीची सोय झाली, ही जग थोडे उघडण्याचीच तरतूद होय. पण अर्जाच्या खिडकीवर ‘कागद नाही’ याचा अर्थ ‘जात सिद्ध नाही’ असा आणि पुढे ‘जात ती नाही’ असा होत जातो, तेव्हा तीन निरनिराळी वाक्ये एकाच शब्दात गुंडाळली जातात.

ती वेगळी ठेवण्याची सोय तर्काधिष्ठित आज्ञालेखनाने पुढे केली आहे. मायकेल गेलफाँड आणि व्लादिमीर लिफशिट्झ यांनी १९९० च्या सुमारास एकाच संचयात दोन निषेध ठेवण्याची पद्धत मांडली : एक, ‘सिद्ध होत नाही’, दुसरा, ‘नसल्याचे सिद्ध होते’. त्यांचे उदाहरण शाळेच्या बसचे आहे. रेल्वेचे फाटक ओलांडताना ‘गाडी येत असल्याचे मला ठाऊक नाही’ एवढ्यावर बस पुढे न्यावयाची, की ‘गाडी येत नाही’ हे पाहून न्यावयाची? चालकाने डोळे मिटले तरी पहिली अट पूर्ण होते.

आमच्या आचार्यपरंपरेच्या संचयातही ही दुरुस्ती करता येते. नसल्याचे सिद्ध करण्यास स्वतंत्र नियम लिहावयाचा. जो ज्याच्या परंपरेत पुढे आला, तो त्याचा आचार्य असू शकत नाही :

अनाचार्य(क, ख) जर परंपरा(ख, क).

आणि जेथे दोन्ही बाजू सिद्ध होत नाहीत तेथे :

ठाऊक-नाही(क, ख) जर आचार्य(क, ख) सिद्ध होत नाही आणि अनाचार्य(क, ख) सिद्ध होत नाही.

परिवारातील पाच आचार्यांची यादी तेवढी बंद ठेवावी, कारण तो ग्रंथ स्वतःच पाच अशी गणना करतो. बाकीचे जग उघडे ठेवावे. आता महिंद हा उपालीचा आचार्य होता काय, असे विचारले तर अनाचार्य सिद्ध होते आणि संचय आधारासह ‘नाही’ म्हणतो. पटाचारा ही चंदेची आचार्या होती काय, याला ‘होय’ म्हणतो. आणि पटाचारेपाशी दासक शिकला होता काय, असे विचारले तर आमच्या सात तथ्यांवरून तो ‘ठाऊक नाही’ असे उत्तर देतो.